पत्रकारितेचा अभ्यासक्रम: लिहिता येत होतं, विचारता येत नव्हतं

रानजाई

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी परभणी जिल्ह्यातली. शाळेपासून निबंधात पहिला नंबर ठरलेला, कॉलेजच्या वार्षिकांकाची संपादक. बी.एस्सी. झाल्यावर सगळे म्हणाले, तुझा हात लिहिता आहे, पत्रकारिता कर. म्हणून पुण्यात अभ्यासक्रमाला आले. पहिलं सत्र छान गेलं. इतिहास, कायदे, माध्यमांचे सिद्धांत, पाठ करून लिहायचं सगळं. दुसऱ्या सत्रात 'वार्तांकन' हा विषय आला आणि पायाखालची जमीन सरकली.

सरांचा नियम साधा होता. प्रत्येकाला शहरातली एक जागा, सहा आठवडे तिथेच जायचं, दर सोमवारी एक बातमी द्यायची. कुणाला एसटी स्थानक, कुणाला स्मशानभूमी, कुणाला सरकारी दवाखान्याची केसपेपरची रांग. मला घाऊक बाजारातला कांदा-बटाटा विभाग मिळाला.

पहिल्या सोमवारी सहाशे शब्द दिले. पहाटेचं धुकं, हमालांच्या पाठी, दिव्यांचा पिवळा उजेड, सगळं होतं त्यात. कॉपी परत आली तेव्हा लाल गोलांनी भरली होती. 'अनेक' शब्दाभोवती गोल, बाजूला 'किती?'. 'पहाटे'भोवती गोल, 'किती वाजता?'. 'शेतकऱ्यांचे म्हणणे आहे' याच्याखाली दोन रेघा, 'कोणत्या? नाव, गाव, तालुका'. तळाला एकच ओळ: 'तू कुणाशी बोललीस?'

मी कुणाशीही बोलले नव्हते. दोन तास चहाच्या टपरीला टेकून उभी राहिले आणि बस धरून खोलीवर आले. अनोळखी माणसापुढे उभं राहून 'तुमचं नाव काय, किती माल आणला, काय भाव मिळाला' एवढंही माझ्या तोंडून फुटेना. माझे वडील अशाच बाजारात सोयाबीन घेऊन जातात. त्यांना कुणी वही काढून विचारलं तर त्यांना कसं वाटेल, हेच डोक्यात यायचं.

तिसऱ्या आठवड्यात थोडी भीड चेपली. खेड तालुक्यातल्या एका काकांनी हिशोबपट्टी दाखवली. मी मोबाईलवर फोटो काढला. वर वजन, दर, एकूण रक्कम. खाली वजावट: हमाली, तोलाई, मोटारभाडं आणि सगळ्यात शेवटी 'इतर ५४०'. मला वाचून माहीत होतं की जुलै २०१६ मध्ये फळं-भाजीपाला नियमनमुक्त झाला, म्हणजे बाजार समितीबाहेरही विकता येऊ लागला, तेव्हापासून अडत, म्हणजे माल विकून देणाऱ्या अडत्याची दलाली, शेतकऱ्याकडून कापायची नाही, खरेदीदाराकडून घ्यायची. मग हे 'इतर' काय? मी ठरवूनच टाकलं की ही लपवलेली अडत. 'नियम धाब्यावर बसवून शेतकऱ्यांची लूट' असा मथळा देऊन रात्री दोनपर्यंत जागून बातमी लिहिली. आयुष्यात काहीतरी खरं लिहिलं असं वाटत होतं.

सरांनी दोन प्रश्न विचारले. अडत्याला विचारलंस? नाही. ज्यांची पट्टी आहे त्यांना विचारलंस, 'इतर' म्हणजे काय? तेही नाही.

वर्गाबाहेर येऊन काकांना फोन लावला. ते म्हणाले, "ताई, ते बारदानाचे. मागच्या खेपेला जुन्या गोण्या उधारीवर नेल्या होत्या. छत्तीस गोण्या, पंधरा रुपयांनी." छत्तीस गुणिले पंधरा, पाचशे चाळीस. एक फोन, पन्नास सेकंद. वीसपैकी तीन गुण मिळाले, आणि तेही पट्टीचा फोटो काढला म्हणून.

आता सत्राचा शेवटचा मोठा लेख आहे, दोन हजार शब्दांचा, याच बाजारावर. हा विषय सोडून जनसंपर्क घ्यायची मुभा आहे, पुढच्या शुक्रवारपर्यंत अर्ज द्यायचा. वर्गातल्या चौघांनी दिला. ज्यांनी असा घाम काढणारा अभ्यासक्रम केलाय त्यांना विचारते: पुढे त्याचा उपयोग झाला का? का ज्याला चार माणसांत तोंड उघडता येत नाही त्याने या वाटेला जाऊच नये?

---

गोदाकाठ

स्वागत. आमच्या शेजारच्या जिल्ह्यातली म्हणून आधी पाठीवर थाप. बाकी जाणकार सांगतीलच. तीन गुणांचा प्रसंग सांगायला धीर लागतो.

---

आडवाटेचा

माझं मत कडू वाटेल, पण मनापासून सांगतो.

मी कुठलाही अभ्यासक्रम केला नाही. अकरा वर्षं तालुक्याला वार्ताहर आहे. मानधन म्हणाल तर मोटारसायकलच्या पेट्रोललाही पुरत नाही. घर चालतं ते जाहिरातीच्या कमिशनवर. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, दिवाळी, शिवाय नेत्यांचे वाढदिवस. प्रत्येक पुरवणीला टार्गेट असतं. ज्या सरपंचाकडून अर्ध्या पानाची जाहिरात आणायची, त्याच्याच ग्रामपंचायतीच्या टाकीला गळती आहे ही बातमी द्यायची असते. ते कसं जमवायचं हे तुमच्या कुठल्या सत्रात शिकवतात?

बातमी कशी लिहायची हे मला डेस्कवरच्या एका माणसाने फोनवर शिव्या देऊन शिकवलं. फुकट. जनसंपर्क घे, महिन्याला ठरलेला पगार मिळेल. वडील सोयाबीनवाले आहेत म्हणालीस, म्हणून सांगतोय.

---

शिसेखिळा

आडवाटेचा, पगाराचं तुम्ही म्हणता ते खरं आहे आणि त्याची लाज मालकांना वाटायला हवी. पण डेस्कवरच्या ज्या माणसाने तुम्हाला फोनवर शिकवलं तो आता उरला आहे का? आमच्या वेळी कॉपी चार हातांतून जायची: वार्ताहर, उपसंपादक, मुख्य उपसंपादक, मुद्रितशोधक. आज बऱ्याच ठिकाणी वार्ताहर मोबाईलवर टाइप करतो आणि तेच जसंच्या तसं पानात बसतं. लाल गोल करणारा माणूस आता वर्गातच भेटला तर भेटला.

रानजाई, तुझ्या 'किती?' वरून एक सांगतो.

१९९३ साली मी सोलापुरात एका दैनिकात शिकाऊ उपसंपादक होतो. अनंत चतुर्दशीची रात्र. विसर्जन मिरवणुकीची शेवटची बातमी घेऊन अंक सोडला, घरी जाऊन पाठ टेकतो न टेकतो तो पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी घर हललं. भांडी पडली. तसाच उठून कार्यालयात गेलो. दुपारपर्यंत धड फोन लागत नव्हते. किल्लारी, सास्तूर ही नावं कानावर येत होती, पण गावं उरलीच नाहीत हे कुणाच्या ध्यानात येत नव्हतं. संध्याकाळी माझ्या टेबलावर मृतांचे पाच वेगवेगळे आकडे होते. एक ट्रकचालकाने सांगितलेला, एक पोलिसांचा, एक आमच्याच वार्ताहराचा, दोन कुठून आले ते देवाला ठाऊक. मी त्यातला सगळ्यात मोठा उचलला आणि मथळा लावला.

आमच्या मुख्य उपसंपादकांनी तो कागद माझ्यापुढे ठेवला आणि प्रत्येक आकड्यासमोर दोन रकाने आखायला लावले: कुणी सांगितलं, किती वाजता. रकाने भरायला बसलो तेव्हा कळलं की दोन आकड्यांना बापच नाही. ते काढले. उरलेले तिन्ही आकडे, कुणी दिले ते सांगून, बातमीत आत घेतले. मथळ्यात आकडा घातलाच नाही, गावांची नावं घातली. त्या गावांतले लोक सोलापुरात नोकरीला होते. त्यांना आकड्याच्या आधी आपल्या गावाचं नाव शोधायचं होतं.

ते दोन रकाने मी निवृत्तीपर्यंत आखत होतो. तुझ्या सरांना माझा नमस्कार सांग.

---

एक_आई

शिसेखिळा काका, अंगावर काटा आला.

माझी मुलगी बारावीला आहे आणि तिलाही हेच करायचंय, म्हणून धागा उघडला. मला गुणांची काळजी नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापूरला पत्रकार शशिकांत वारिशे यांना गाडीखाली चिरडलं, त्या दिवसापासून हा विषय निघाला की माझ्या पोटात गोळा येतो. मुलगी म्हणते, आई, सगळ्यांनी घाबरून जनसंपर्क घेतला तर तिकडचं लिहिणार कोण? तिला उत्तर देता येत नाही मला.

---

आडवाटेचा

एक_आई, तालुक्याच्या माणसाला धोका जास्त असतो हे खरं. शहरातल्या वार्ताहरामागे कार्यालय असतं. आमच्यामागे आम्हीच. ज्याच्याविरुद्ध लिहिलं तो संध्याकाळी त्याच पारावर बसलेला असतो. पण म्हणूनच बातमी पक्की लागते. कच्ची बातमी देऊन पारावर बसता येत नाही. हे लिहिता लिहिता लक्षात आलं की रानजाईचे सर तेच सांगतायत.

---

वकीलकाकू

त्या 'लूट' बातमीविषयी थोडं कायद्याचं. रानजाई, अडत्याचं नाव घातलं होतंस की नव्हतं?

---

रानजाई

नव्हतं काकू. 'एका अडत्याने' असं लिहिलं होतं. म्हटलं, नाव नाही तर अडचण नाही.

---

वकीलकाकू

हा गैरसमज वर्तमानपत्रांतल्या जुन्या माणसांचाही असतो. नाव नसलं तरी वर्णनावरून ओळख पटत असेल तर बदनामी होऊ शकते. त्या ओळीत कांद्याचे चारच गाळे असतील आणि तू 'प्रवेशद्वाराजवळचा, पांढरी टोपी घालणारा' लिहिलंस तर अख्ख्या बाजाराला कळलं. पूर्वीचं भारतीय दंड विधानाचं ४९९-५०० कलम आता भारतीय न्याय संहितेत ३५६ झालंय, १ जुलै २०२४ पासून. बचाव आहेत: खरं असणं आणि लोकहिताचं असणं. पण 'खरं आहे असं मला वाटलं होतं' हे म्हणायचं तर त्यामागे तू काय खटपट केलीस ते दाखवावं लागतं. अडत्याला फोन केला, तो अमुक वाजता बोलला किंवा बोलला नाही, याची वहीत नोंद हवी. वही जपून ठेव, पान फाडू नकोस.

आणि लहान मुलांचं किंवा लैंगिक अत्याचाराचं प्रकरण हाती आलं तर नाव, शाळा, गल्ली, नातेवाइकांचा फोटो, काहीही जाता कामा नये. हे तुझ्या कायद्याच्या पेपरात आलं असेलच, पण रात्री अकराला घाईत पेपर आठवत नाही, हाताला सवय असावी लागते.

---

तर्रीबाज

धागा फारच गंभीर झाला, जरा चहा घ्या. रानजाईच्या सरांनी 'अनेक'ला गोल केला, मी त्यांना आणखी काम देतो. खालील शब्दांना कायमचं कोंडून ठेवावं:

'परिसरात हळहळ व्यक्त होत आहे.' 'एकच खळबळ उडाली.' 'पोलिसांनी घटनास्थळी धाव घेतली.' धाव कसली, जीपने येतात ते.

---

गोदाकाठ

'अज्ञात इसम' राहिला. वर्षानुवर्षं चोऱ्या करतोय, सापडत नाही.

---

सातवीण

'आगीने रौद्र रूप धारण केले.' 'बघ्यांची एकच गर्दी.' 'मान्यवरांची उपस्थिती लाभली', आणि खाली बावीस मान्यवरांची नावं.

---

शिसेखिळा

त्या बावीस नावांची टिंगल करू नका. त्यातलं एक सुटलं तर दुसऱ्या दिवशी ऐकून घ्यावं लागायचं ते आम्हाला. पण 'हळहळ'बद्दल सहमत. एका वार्ताहराला मी विचारलं होतं, कोण हळहळलं? तो दुसऱ्या दिवशी परत त्या गावात गेला. मेलेला मुलगा शाळेत घंटा वाजवायचा, आज मुख्याध्यापकांनी स्वतः वाजवली, एवढं घेऊन आला. 'हळहळ' काढून ते वाक्य घातलं. त्या दिवशीच्या पानात माझ्या लेखी तेवढीच बातमी होती.

---

नवा_कोरा

एक विचारू का, रागावू नका. आता मोबाईलवर मुद्दे टाकले की बातमी तयार होऊन मिळते. मग एवढा जीव काढायचा कशाला? माझे काही वर्गमित्र तसंच करतात आणि त्यांना बारा-तेरा गुण पडतात.

---

शब्दवेल्हाळ

मुद्दे कुठून आणणार? तिथेच तर अख्खा विषय आहे. 'इतर ५४०' टाकून बघ, छान 'लूट' लिहून देईल. छत्तीस गोण्या त्याला ठाऊक नाहीत. त्या काकांच्या खिशातल्या फोनवर होत्या.

---

घोडनदीकाठचा

मी आंबेगाव तालुक्यातला. माळीणचं सांगतो, कारण 'बातमी कुठून येते' हे तिथे फार जवळून पाहिलं. ३० जुलै २०१४ ला सकाळी डोंगर खाली आला. रस्ते चिखलाने भरलेले, पाऊस थांबायला तयार नाही. गाव गाडलं गेलंय हे बाहेर पहिल्यांदा कळलं ते एसटीच्या चालकामुळे. तो नेहमीच्या फेरीला गेला आणि गाव जिथे असायचं तिथे गावच नव्हतं. दीडशेवर माणसं गेली.

तेव्हापासून मी म्हणतो, बातमीदाराने साहेबाचा नंबर ठेवावाच, पण एसटीचा चालक, लाइनमन, आशाताई, पोस्टमन, रेशन दुकानदार यांचे आधी ठेवावेत. रानजाई, तुझ्या बाजारात चहाची टपरी आहे म्हणालीस. त्या टपरीवाल्याला नाव विचारलंस का कधी? सहा आठवडे त्याला टेकून उभी होतीस.

---

रानजाई

सगळ्यांचे मनापासून आभार. घोडनदीकाठचा दादा, तुमचा प्रतिसाद वाचून कान गरम झाले. नव्हतं विचारलं.

आज पहाटे गेले आणि आधी टपरीवर विचारलं. बाजारात वीस वर्षं आहेत ते. कोणती गाडी कोणत्या गावची, कोण शेतकरी स्वतः येतो, कोण माल गाडीवाल्याबरोबर पाठवून देतो, कुणाला पट्टी लगेच मिळते आणि कुणाला चार दिवसांनी, सगळं तोंडपाठ. सहा आठवडे मी या माणसाकडून चहा घेत होते.

आणखी एक विचारायचंय. मोठ्या लेखासाठी भावाचा हिशोब मांडतेय. एकाच दिवशी तीन शेतकऱ्यांचे दर घेतले तर सरासरी काढून लिहिलं तर चालेल ना?

---

बेरीज_वजाबाकी

दरांची नुसती सरासरी काढू नकोस, तिथे भलेभले आपटतात. समज एकाचा १० क्विंटल कांदा १,८०० ने गेला आणि दुसऱ्याचा २ क्विंटल २,४०० ने. दरांची सरासरी २,१०० येईल. पण बाजारात पैसे किती आले? १८,००० अधिक ४,८००, म्हणजे १२ क्विंटलला २२,८००. क्विंटलला १,९०० पडले. २,१०० लिहिलंस तर ज्याचा दहा क्विंटल गेला तो तुझा पेपर फेकून देईल, आणि त्याचं बरोबर असेल.

पणन मंडळाच्या संकेतस्थळावर रोजची आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर मिळतात. ते घे, पण 'कमाल' दराचा मथळा करू नकोस. तो दर एखाद्या निवडक मालाच्या चार गोण्यांचाही असू शकतो. शेजारी किती मालाला तो मिळाला ते विचार.

---

आडवाटेचा

हे मात्र मला कुणी शिकवलं नव्हतं. मी अकरा वर्षं 'कांदा २,४०० वर' लिहीत आलोय. लोक पारावर म्हणायचे, कुठल्या बाजारात मिळतो हा भाव, आम्हाला पण सांग. मला वाटायचं, चेष्टा करतायत.

---

मांडवी

गोव्यातून लिहितोय. आमच्याकडे मराठी दैनिकं वाचणारा मोठा वर्ग आहे, 'गोमन्तक' सुरू झाला तो १९६२ साली, मुक्तीनंतर लगेचच. मी पणजीत तीन वर्षं बातमीदारी केली. घरी कोंकणी, कार्यालयात मराठी, खाण खात्याची फाईल इंग्रजीत, जुना जमिनीचा दस्त पोर्तुगीजमध्ये. पहिले सहा महिने मला वाटायचं की आपल्याला एकही भाषा येत नाही.

भीडेबद्दल मला उमगलेलं सांगतो. शहाण्यासारखा प्रश्न विचारायच्या नादात प्रश्न घशात अडकतो. मी सरळ सांगायला लागलो, 'मला यातलं कळत नाही, मला सांगा.' माणसं ज्या आनंदाने सांगतात! रापणीवरचा, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे धरणारा, एक म्हातारा मला दोन तास जाळं दाखवत होता.

---

कास_पठार

भीड हा शब्द या धाग्यात इतक्यांदा आला की राहवलं नाही. 'मूकनायक'चा पहिला अंक ३१ जानेवारी १९२० ला निघाला तेव्हा बाबासाहेबांनी शिरोभागी तुकोबांचा अभंग घातला होता: काय करूं आतां धरूनियां भीड । निःशंक हें तोंड वाजविलें ।।

आम्हाला पत्रकारितेच्या इतिहासात सनावळी पाठ करायला लावली. 'दर्पण' ६ जानेवारी १८३२, 'दीनबंधु' १८७७, 'केसरी' १८८१, 'मूकनायक' १९२०. चार गुणांना चार नावं. नोकरीला लागल्यावर एकदा जिल्हा परिषदेच्या सभेत सगळे बसलेले असताना उठून विचारायची वेळ आली आणि पाय लटपटायला लागले, तेव्हा ही ओळ आठवली. अभंग पाठ होता, त्या दिवशी कळला.

रानजाई, वडिलांना कुणी विचारलं तर कसं वाटेल, असं लिहिलंयस तू. त्यांनाच विचारून बघ ना.

---

माहितीवाला

विषय थोडा बाजूला नेतो, पण कामाचं आहे. बाजार समितीकडून कागद हवा असेल तर माहितीचा अधिकार वापरा. 'जोडपत्र अ' नमुन्यात अर्ज, १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एक विषय, दीडशे शब्दांच्या आत. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, २० रुपयांचं तिकीट. विद्यार्थ्यांची नेहमीची चूक म्हणजे 'का' विचारणं. 'भाव का पडले?' याला उत्तर मिळत नाही. 'अमुक महिन्यात तोलाईबाबत आलेल्या तक्रारींच्या नोंदवहीची प्रत द्यावी' याला मिळतं. जो कागद अस्तित्वात आहे तोच मागा.

---

तर्रीबाज

मी एकदा अर्ज केला होता, एकतिसाव्या दिवशी उत्तर आलं की अर्जावरची सही अस्पष्ट आहे.

---

माहितीवाला

मग अपिलात गेलात की नाही?

---

तर्रीबाज

नाही गेलो. आता नमुना मिळाला, जातो.

---

रानजाई

आज शुक्रवार. जनसंपर्काचा अर्ज दिला नाही.

कास_पठार ताई, तुम्ही म्हणालात तसं बाबांना फोन केला. म्हटलं, बाजारात एखादी पोर वही घेऊन आली आणि विचारायला लागली, किती क्विंटल, काय भाव, काय कापलं, तर? ते आधी गप्प राहिले. मग म्हणाले, "इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नाही गं." आणि मग पंचवीस मिनिटं बोलत होते. २०२१ ला सोयाबीन कुठे गेलं होतं आणि नंतर कुठे आलं, ओलावा जास्त म्हणून दर पाडतात तेव्हा यंत्राचा आकडा कोण बघतं, पट्टी हातात पडल्यावर ते आधी कोणती ओळ वाचतात. हे मी त्यांची मुलगी असून कधी विचारलं नव्हतं. मी फोन कानाला लावून लिहीत होते. चार पानं झाली.

मोठ्या लेखाचा विषय आता पट्टीच घेतलाय. लूट वगैरे काही नाही. एका पट्टीवर किती ओळी असतात, प्रत्येक ओळ कुणाच्या खिशात जाते, आणि जो माणूस माल गाडीबरोबर पाठवून घरीच थांबतो त्याला ती वाचून कोण दाखवतं, एवढंच. आतापर्यंत अकरा पट्ट्या जमल्या, खेड, शिरूर आणि जुन्नर तालुक्यांतल्या. तीनवर 'इतर' आहे. दोन ठिकाणी बारदान निघालं. तिसऱ्याचं अजून कळलेलं नाही. शेतकरी म्हणतात आठवत नाही, अडते म्हणाले वही बघून सांगतो. उद्या पुन्हा जाणार. आधीच्या अडत्यांनाही जाऊन भेटले, ज्यांच्यावर मी ती बातमी लिहिली होती. त्यांना तसं स्पष्ट सांगितलं. त्यांनी खुर्ची दिली आणि तीन वर्षांच्या वह्या काढून ठेवल्या.

शिसेखिळा काका, प्रत्येक ओळीसमोर तुमचे दोन रकाने आखलेत.

---

शिसेखिळा

तिसऱ्या पट्टीचं कळेपर्यंत लेख देऊ नकोस. नाहीच कळलं तर 'कळले नाही' असंच छाप, कुणाला कधी विचारलं तेही लिही.

---

आडवाटेचा

मला एक मदत करशील? लेख झाला की पाठव. आमच्याकडच्या बाजारातल्या पट्ट्या मी गोळा करतो, तसाच तक्ता करू. तालुक्याच्या पानाला अँकर, म्हणजे पानाच्या तळाची मोठी बातमी, म्हणून लावून घेतो. जाहिरातीचं मी बघतो काय ते.

---

रानजाई

नक्की दादा. पहिल्या दोन परिच्छेदांचा कच्चा खर्डा इथेच टाकते, सगळ्यांनी झोडून काढा:

"खेड तालुक्यातील एका शेतकऱ्याने १२ तारखेला पहाटे ४ वाजून १० मिनिटांनी ३८ गोणी कांदा उतरवला. ६ वाजून ४० मिनिटांनी लिलाव झाला. त्याला साडेतीन मिनिटे लागली. हिशोबपट्टी हातात पडली तेव्हा ९ वाजले होते. पट्टीवर सात ओळी होत्या.

सातपैकी चार ओळी त्यांना वाचता आल्या. उरलेल्या तीन शेजारच्या चहावाल्याने वाचून दाखवल्या. हिशेबपट्टीवरचे अक्षर त्याच्या ओळखीचे आहे."

---

बेरीज_वजाबाकी

गोण्या ३८ दिल्यास, वजन कुठे आहे? क्विंटल घाल.

---

वकीलकाकू

नाव घालायला काकांची परवानगी आहे का ते विचार. असेल तर घाल, नसेल तर असंच राहू दे.

---

सातवीण

पहिल्या परिच्छेदात 'हिशोबपट्टी' आणि दुसऱ्यात 'हिशेबपट्टी' झालंय. एकच ठेव.

---

रानजाई

वजन १९ क्विंटल ४० किलो, घातलं. काकांना सकाळी विचारते. आणि 'हिशोबपट्टी' ठेवते, बाजारात तेच म्हणतात.